रेसचा घोडा ठेवताय? हिशेबातल्या या चुका टाळा

रेसच्या घोड्यात पहिल्यांदा भागीदारी घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "महिन्याला किती?" ट्रेनरने सांगितलेला आकडा तो बाराने गुणतो, शेजारी एखाद्या मोठ्या शर्यतीची स्टेक मनी, म्हणजे बक्षिसाची रक्कम, लिहितो आणि वजाबाकी करून खूश होतो. तबेल्यांचे हिशेब पाहणं हे माझं काम आहे आणि हा कागद मला बघवत नाही. घोडा रोज खातो, वर्षातून मोजक्याच वेळा धावतो. या दोन गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय हिशेब सुरूच होत नाही.

महिन्याचं बिल मोजणं, धावा न मोजणं

समजा, सगळं धरून महिन्याला 40 हजार लागतात. वर्षाचे 4 लाख 80 हजार. घोडा वर्षात आठ वेळा धावला तर एका धावेला 60 हजार पडले. पाय दुखला, खोकला झाला आणि चारच धावा झाल्या, तर एका धावेला 1 लाख 20 हजार. बिल तेवढंच आलं, पण धाव दुप्पट महाग झाली. म्हणून मी वहीत दोन रकाने ठेवतो: घोडा कामावर होता ते दिवस आणि नुसता थाणावर, म्हणजे तबेल्यातल्या जागेवर, उभा होता ते दिवस. पैसा जातो तो दुसऱ्या रकान्यात. तो रकाना लहान ठेवणारा ट्रेनर महिन्याला चार पैसे जास्त घेत असेल तरी तो स्वस्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

नाल आणि मोतद्दारात काटकसर

ही चूक मला सर्वात जास्त छळते, कारण ती हुशार माणसं करतात. कारखाना चालवलेला किंवा दुकान सांभाळलेला मालक बिल हातात घेतो आणि एकेका ओळीवर पेन्सिल चालवतो. चंदी (दाणा), पेंढा, मोतद्दार (घोड्याची रोजची देखभाल करणारा), रायडिंग बॉय (सकाळी घोड्यावर बसून सराव देणारा), नालबंद, डॉक्टर. मग विचारतो, "दर चार आठवड्यांनी नाल कशाला? सहा आठवड्यांनी केली तर?"

हिशेब सोपा आहे. चार आठवड्यांनी नाल केली तर वर्षात तेरा वेळा होते, सहा आठवड्यांनी केली तर नऊ वेळा. चार नालबंद्या वाचल्या. पण खूर वाढायचं थांबत नाही. नालेखाली तो पुढच्या बाजूने लांबत जातो, टाच खाली बसते आणि पायाच्या मागच्या मोठ्या शिरेवर (रक्तवाहिनी नव्हे, टेंडन) ताण वाढतो. गॅलपच्या, म्हणजे भरधाव, वेगात शरीराचं साडेचारशे-पाचशे किलो वजन एका क्षणी एकाच पायावर येतं आणि तो ताण त्या शिरेला सोसावा लागतो.

पुण्याच्या एका सीझनमध्ये काही भागीदारांनी मिळून घेतलेला एक चांगला घोडा मी पाहिला. मेडन (आधी न जिंकलेल्या घोड्यांची शर्यत) जिंकला होता, पुढच्या क्लासमध्येही जवळ आला होता. भागीदारांनी खर्च कमी करायचा म्हणून घोडा अशा ठिकाणी हलवला, जिथे एका मोतद्दाराकडे नको तितके घोडे होते आणि नाल लांबवली जायची. चांगला मोतद्दार खरारा करताना पायांवरून हात फिरवतो. शिरेत जराशी ऊब लागली तरी जमादाराला (तबेल्याच्या मुकादमाला) सांगतो आणि त्या दिवशीचं काम थांबतं. इथे हात फिरवायला कोणाला वेळच नव्हता. एका सकाळी घोडा गॅलपवरून परतला तो पुढचा उजवा पाय टेकत नव्हता. अल्ट्रासाउंडमध्ये शीर फाटलेली दिसली. डॉक्टरांनी लांबलेल्या खुराकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, निदान दहा महिने.

अशी शीर भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. वरच्याच दराने दहा महिन्यांचे 4 लाख झाले, औषधपाणी वेगळं. वाचवल्या होत्या त्या चार नालबंद्या. आणि पैशांपलीकडचं सांगायचं तर एक धडधाकट, मनापासून पळणारं जनावर काही चूक नसताना वर्षभर दुखणं घेऊन उभं राहिलं. तो घोडा नंतर धावला, पण पहिल्यासारखा कधीच नाही.

माझी सवय अशी: बिलात नालबंद आणि मोतद्दार या दोन ओळींना मी पेन्सिल लावू देत नाही. मालक तबेल्यात आला तर त्याला एवढंच विचारायला लावतो, "एका मोतद्दाराकडे किती घोडे?" दोन किंवा तीन हे उत्तर ठीक. त्याहून जास्त असेल तर बाकीचं बिल वाचायची गरज नाही.

स्वस्त घोडा घेतला म्हणजे खर्च स्वस्त

पाचशे किलोचा घोडा दिवसाला त्याच्या वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडा चारा-दाणा खातो, म्हणजे 10 ते 12 किलो. तीन लाखांचा घोडाही तेवढंच खातो आणि तीस लाखांचाही. नालबंद, मोतद्दार, तबेला, सगळं सारखंच. खरेदीची किंमत एकदाच देता, बाकीची रोज. हातात दहा लाख असतील तर दहाचा घोडा घेऊ नका, आणि दोन-दोन लाखांचे पाच तर मुळीच घेऊ नका. एकाच घोड्यात हिस्सा घ्या आणि दोन वर्षांच्या बिलाचे पैसे बाजूला ठेवून मगच सही करा.

दोन वर्षांच्या घोड्याला घाई

यर्लिंग, म्हणजे वर्षाचं शिंगरू, विकत घेतल्यापासून पहिल्या धावेपर्यंत वर्ष सहज जातं. पाठीवर जीन घेणं, लगाम मानणं, ट्रॉट (दुडकी चाल), कँटर (संथ धाव), मग शर्यत सुरू होते त्या गेटची सवय. या काळात एक रुपयाही परत येत नाही, आणि नवा मालक इथेच अस्वस्थ होतो. "बाकीचे धावायला लागले, आपला कधी?" असे फोन सुरू होतात. पायाच्या कोवळ्या नळीच्या हाडाला वेगाची सवय हळूहळूच लागते. ती लागायच्या आत जोर लावला की नळी दुखायला लागते आणि सीझन जातो. भारतात सगळ्या थरोब्रेड (रेसच्या जातीच्या) घोड्यांचं वय 1 जानेवारीला एक वर्षाने वाढतं, आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. कॅलेंडरनेच वेळ दिलेला आहे, तो घ्या. ज्या ट्रेनरला फोन करून घाई करावी लागते, तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

थोडक्यात काही

सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी: दुसऱ्या दिवशी कामावर नेल्यावर पाठीचे-पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात. दाणा निम्मा करा, गवत वाढवा, हाताने धरून फिरवा.

पावसाळ्याआधी स्वस्तात गवताचा मोठा साठा: पुण्यातल्या दमट हवेत बुरशी धरते, घोडा खोकतो, काम बंद. थोडं थोडं आणा, गठ्ठा उघडून वास घ्या.

दाणा एका दिवसात बदलणं: पोटशूळ. बदल आठ-दहा दिवसांत करा.

मुंबईच्या उकाड्यात घोड्याला घाम येणं थांबलं तर तो आळस नाही, आजार आहे. लगेच डॉक्टर.

मुंबई-पुणे वाहतूक, लसी, जॉकीची फी, विम्याचा हप्ता: हे सगळं महिन्याच्या आकड्यात आहे की वेगळं, ते सुरुवातीलाच लेखी विचारा. सर्वात जास्त भांडणं यावरूनच होतात.

आपल्याच घोड्यावर पैसे लावून बिल भरायचा बेत: करू नका. असे मालक तबेल्यात फार दिवस दिसत नाहीत.

स्टेक मनी हा पगार नाही

जिंकलेल्या रकमेतून ट्रेनर आणि जॉकीचा टक्का जातो, तबेल्यातल्या माणसांची बक्षिसी जाते, उरलेलं भागीदारांत वाटलं जातं. दुसरं म्हणजे हा पैसा येतो कुठून ते पाहा. शर्यतींवर लागणाऱ्या पैशातला रेस क्लबचा वाटा हा त्याचा एक मोठा आधार. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी 28 टक्के जीएसटी होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. टोटवरची (क्लबच्या अधिकृत बेटिंगची) उलाढाल घटली की ताण स्टेक मनीवर येतो. पाच वर्षांपूर्वीच्या रेस कार्डवरून (शर्यतींच्या यादीवरून) आजचा हिशेब मांडू नका.

आयकराचं वेगळंच. घोडे बाळगण्यातला तोटा दुकानाच्या किंवा नोकरीच्या उत्पन्नातून वजा होत नाही. तो फक्त घोडे बाळगण्यातल्याच उत्पन्नातून वजा होतो आणि पुढे चार वर्षांपर्यंतच ओढता येतो. "टॅक्समध्ये निघून जाईल" असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकण्याआधी सीएला विचारा.

शेवटचा खर्च विसरणं

शर्यती वयाच्या सहा-सात वर्षांपर्यंत चालतात, घोडा पंचवीस वर्षं जगू शकतो. मादी चांगल्या घराण्यातली असेल तर स्टड फार्मवर (पैदाशीसाठी) जाते, काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये रमतात, पण सगळ्यांना जागा मिळत नाही. अशा वेळी मालक फोन उचलत नाहीत, आणि याचा मला सर्वात जास्त राग येतो. माझ्या ओळखीच्या भागीदारांना मी पहिल्याच बैठकीत वेगळं खातं काढायला लावतो. दर महिन्याच्या बिलाच्या दहा टक्के रक्कम त्यात जाते आणि घोडा निवृत्त होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कोणाचा हिस्सा विकला गेला तरी ते खातं घोड्याबरोबर राहतं, आणि हे भागीदारीच्या करारात लिहिलेलं असतं. या कलमावर सही करायला जो कां-कूं करतो, त्याला मी भागीदारीत घेऊ देत नाही.