गावातल्या भाऊक्यांची वंशावळ कशी लिहायची अन् त्यासाठी मंडळ कसं जमवायचं

वंशावळ म्हटली का आपल्याकडं लोकांले जात पडताळणीच आठवते, पोराची ॲडमिशन आली का धावपळ, बापाचं नाव, आज्याचं नाव, शपथपत्र, झालं काम. मी सांगून राहिलो ते वेगळं. हे गावातल्या सगळ्या भाऊक्यांनी मिळून करायचं काम आहे, कारण आपल्या घरचं जे नाव सापडत नाही ते बहुतेक सोयऱ्याच्या घरच्या बुढीले पाठ असते.

पहिले चार-पाच जण जमवा, सगळे एकाच पार्टीचे नको. अध्यक्ष कोण, पावतीबुक कोणाजवळ हे आत्ताच काढू नका, त्याच्यावरच भांडणं होतात अन् मंडळ तिथंच बसते. एक जाड रजिस्टर अन् रेकॉर्डिंगले एकाचा मोबाईल, बस. अन् पहिल्याच दिवशी पारावर सांगून टाका का याचा वावराच्या हिस्श्याशी काही संबंध नाही, नाहीतर अर्धे लोक तोंडच उघडत नाहीत.

सुरुवात म्हाताऱ्या बायांपासून करा. माणसं पणज्याच्या वर गेले का गप्प, पण बुढी सांगते कोणती सून कोणत्या गावची, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कोण दत्तक आला. प्रत्येक सुनेचं माहेरचं गाव अन् आडनाव लिहाच, घरोघरच्या वंशावळीत नेमकं हेच गायब असते, अन् दुसऱ्या गावाचा रस्ता तिथूनच सापडते.

जन्माचं साल विचारू नका, "मले का मालूम बापा" एवढंच येईन. त्याऐवजी विचारा, मानमोडीच्या आधी का नंतर? म्हणजे १९१८ ची साथ. गांधीबाबा सेवाग्रामले आले तेव्हा (१९३६) केवढी होती? नागपूरच्या दीक्षेच्या टायमाले, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ले, लगन झालं होतं का? ७२ च्या दुष्काळात पोरगं कडेवर होतं का चालत होतं? बरोबर पाच-सात वर्षाच्या आत येते.

मग कागद. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले जुने फेरफार, १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, म्हणजे वावर कोणाच्या नावावर होतं त्याची नोंद. यात वारसाचा फेरफार म्हणजे खरं सोनं, एक माणूस मेला का त्याची विधवा, पोरं, कधी कधी लेकीही एकाच पानावर सापडतात. नकलेसाठी अर्ज करावा लागते अन् चकरा होतात, म्हणून मंडळाचा एकच माणूस सगळ्यांचे अर्ज घेऊन गेला तर बरं. १९५६ पर्यंत आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता म्हणून काही कागद हिंदीत निघतात, घाबरू नका. मोडी निघाली तर वाचणारा शोधा, अंदाजानं वाचू नका.

काही समाजाचे भाट वंशावळीची पोथी घेऊन येतात, ते आले का मोकळे बसवू नका, चहा पाजून फोटो काढू देतात का विचारा. गया-प्रयागच्या पंड्यांजवळही गावावार वह्या असतात. अमेरिकेतल्या युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीनं, ते वंशावळी जमवणारी १८९४ ची संस्था आहे, हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांचे फोटो काढून ठेवले, अन् आपण आपल्या गावच्या कोतवाल बुकाले उधई लागू देतो!

लिहिताना प्रत्येक नावापुढं कोणी सांगितलं ते लिहा. दोघींनी वेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा, मधात पडू नका. नातवाले आज्याचंच नाव ठेवतात ना आपल्याकडं, म्हणून एका घरात तीन महादेव निघतील, त्यांले १, २, ३ नंबर द्या.

जिवंत माणसाची जन्मतारीख, आधार नंबर व्हॉट्सॲपवर टाकायचं काम नाही. अन् अख्खा तक्ता तपासायचा असला तर तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर काढा, बाहेरगावची सगळी भाऊकी तिथंच बसली असते, पेन्सिल मात्र मंडळाच्याच हातात राहू द्या.