जुन्या रेसिंग आउटबोर्डचे मूळ फिनिश: साफसफाईआधी या चुका टाळा

मर्क्युरीची केजी-सेव्हन-एच किंवा मार्क-ट्वेंटी-एच यांसारखी शर्यतीची जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून बसवायचे इंजिन, हाती आली की तिला तातडीने लखलखीत करण्याचा मोह होतो आणि सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी तेव्हाच घडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, सीडरबर्ग येथे १९३९ साली सुरू झालेल्या कीखेफर कंपनीची ही यंत्रे मर्क्युरी या नावाने विकली जात. त्यांच्यासाठी पिस्टन नव्याने घडवून घेता येतो आणि क्रँकशाफ्टही शोधला तर मिळतो. परंतु कारखान्यात सुट्या भागांवर चढवलेला रंग, मुलामा किंवा ओतीव ॲल्युमिनियमची मूळ त्वचा एकदा उतरली की कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

पहिली चूक म्हणजे थर न ओळखताच तो काढायला घेणे. अल्कोहोल गटातील शर्यतींमध्ये मिथेनॉल आणि एरंडेल यांचे मिश्रण जाळले जाई. हो, आपल्याकडे पोट साफ होण्यासाठी घरोघरी दिले जाणारे तेच एरंडेल. तापलेल्या धातूवर ते भाजून मधाच्या रंगाचा चिवट थर बसतो आणि हा थर पिवळसर क्रोमेट फिनिशसारखा (गंजापासून वाचवणाऱ्या रासायनिक लेपासारखा) इतका हुबेहूब दिसतो की अनुभवी माणूसही फसतो. उलट चूकही तितकीच होते, म्हणजे खरे क्रोमेट डाग समजून घासून टाकले जाते. ओळखण्यासाठी भागाच्या आतल्या बाजूला, सहसा नजरेस न पडणाऱ्या जागी, मल्टिमीटरची दोन्ही टोके हलकेच टेकवावीत. क्रोमेटचा थर अतिशय पातळ असल्याने त्यातून सहसा वीज वाहते. ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने घडवलेला कठीण ऑक्साइड थर), लॅकर (वार्निशसारखा लेप) आणि भाजलेले तेल तिला अडवतात. त्यानंतर ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस त्याच जागी फिरवावा. लॅकर मऊ पडते, ॲनोडायझिंगला काहीही होत नाही. पूर्ण भाजलेले एरंडेलही ॲसिटोनला सहजी दाद देत नाही, पण ते उष्णतेच्या मागोमाग गेलेले असते, म्हणजे एक्झॉस्टजवळ दाट आणि पुढे विरळ होत जाणारे. कारखान्याचा थर असा ओघळत नाही.

कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियमवर कधीही वापरू नये. भाग काळा पडल्याची तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तो काळेपणा म्हणजे वरचे ॲल्युमिनियम विरघळल्यावर मागे उरलेले मिश्रधातूतील तांबे व सिलिकॉन असते. तो पुसता येतो, परंतु खालचा पृष्ठभाग खाल्ला गेलेलाच असतो.

काचेच्या मण्यांचे ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने बारीक मण्यांचा मारा, त्याहून फसवे आहे, कारण त्याचा परिणाम पाहताक्षणी सुंदर वाटतो. सगळा भाग एकसारखा पांढुरका होतो, यंत्रकामाच्या रेषा आणि कानसीच्या खुणा पुसल्या जातात आणि मणी पाण्याच्या वाटांत व बेअरिंगच्या खोबणीत अडकून बसतात. जोडणीनंतर मोटर सुरू व्हायला त्रास देत असेल किंवा मिश्रण सतत पातळ (इंधन कमी, हवा जास्त) लागत असेल, तर कार्ब्युरेटरला दोष देण्याआधी क्रँककेसचे (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचाचे) जोडपृष्ठ तपासावे. टू-स्ट्रोक यंत्रात इंधन-हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये दाबले जाते, त्यामुळे ब्लास्टिंगने किंवा बफिंगने त्या पृष्ठाच्या कडा गोलावल्या असतील तर तेथून हवा आत ओढली जाते.

नट-बोल्टांवरील मंद, राखाडी झाक असलेला मुलामा बऱ्याचदा कॅडमियमचा असतो. त्याच्या जागी निळसर चमकीचे आधुनिक झिंक चढवले की जुना भाग लगेच नवखा दिसू लागतो. कॅडमियम विषारी असल्यामुळे त्यावर तारेचा ब्रश चालवू नये आणि तो तापवू तर मुळीच नये. रबरी हातमोजे घालून, रॉकेलने ओलावलेल्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे होते.

रंगाच्या बाबतीत छायाचित्रावरून छटा जुळवणे व्यर्थ आहे. वॉशर काढला की त्याखाली गडद, ताज्या रंगाचे एक कडे दिसते, जिथे ऊन आणि इंधन कधी पोहोचलेलेच नसते. मर्क्युरीच्या हिरव्या रंगाची खरी छटा तिथे सापडते आणि नमुना तिथूनच घ्यावा. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून चढवला जाणारा भुकटीचा लेप, मात्र टाळावे. तेल मुरलेले जुने ओतीव भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत गेले की आतले तेल व वायू बाहेर पडून लेपावर सूक्ष्म छिद्रे उठतात, शिवाय त्याची जाडी बसत्या जोडांना आड येते.

गिअरकेसबद्दल, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाबद्दल, माझे मत थोडे वेगळे आहे. पाण्याचा अवरोध कमी व्हावा म्हणून अनेक शर्यतपटू स्वतःच रंग काढून ती आरशासारखी घासत असत, आणि पुढच्या मालकांनी हीच चमक कारखान्याची म्हणून विकली. पॉलिश आहे म्हणून ती मूळ फिनिश ठरत नाही. पण ते काम खरोखरच त्या काळच्या शर्यतपटूचे असेल, तर त्यावर नवा रंग चढवून ते झाकू नये.