बॉयलर रूमची धूळ: निवृत्त नौसैनिकांनी आरोग्याची फाइल कशी बांधायची

वाफेच्या जहाजांवर बॉयलर, टर्बाइन आणि वाफेच्या पाइपांना जे पांढरट आवरण असायचं, ते लॅगिंग. त्या काळी ते सर्रास अ‍ॅस्बेस्टॉसचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या तंतुमय खनिजाचं, असे. फ्लँजमधली (दोन पाइपांच्या जोडातली) गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीच्या खोबणीत, दाबून भरायचं दोरीसारखं पॅकिंगही बरेचदा त्याचंच. १९६१ साली नौदलात आलेली विक्रांत वाफेवर चालायची. माझगाव डॉकमध्ये बांधलेली १९७२ ची निलगिरी आणि तिच्या मागून आलेल्या त्याच वर्गातल्या फ्रिगेटही वाफेवरच्याच. मुंबईच्या गोदीत अशा जहाजांच्या रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीत, ज्यांनी हात घातला, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

नुसतं जहाजावर राहिल्याने सगळ्यांना सारखा धोका होत नाही. कापडात गुंडाळलेलं, रंगवलेलं, न फुटलेलं लॅगिंग फारसं काही करत नाही. धोका ते तोडताना असतो. फ्लँज उघडली की जुनी गॅस्केट लोखंडाला चिकटून बसलेली असते. ती आधी स्क्रेपरने खरवडायची, मग वायर ब्रश मारायचा, आणि उरलेली भुकटी कॉम्प्रेस्ड एअरने उडवायची. सगळं कोरडंच. जाड धूळ खाली बसते, पण डोळ्यांना न दिसणारे तंतू बंद कंपार्टमेंटमध्ये कितीतरी वेळ तरंगत राहतात. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवू शकत नाही.

हे तंतू फुप्फुसात गेले की विरघळत नाहीत. अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जाणं, साधारण १० ते २० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर २० ते ५० वर्षांनी होऊ शकतो. १९७५ ला बॉयलर रूममध्ये उतरलेल्या माणसाचा हा काळ १९९५ ला सुरू झाला आणि थेट २०२५ पर्यंत जातो. म्हणूनच ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार’ हा हिशेब इथे चुकतो. सिगारेट आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा खूप जास्त वाढतो. सत्तरीतसुद्धा सिगारेट सोडण्याचा फायदा होतो, आणि सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.

आता फाइल. तिचं पहिलं पान आजाराचं नसावं, कामाचं असावं. एका वहीत पाच रकाने आखा: साल, जहाज किंवा डॉकयार्डचं शॉप, कंपार्टमेंट, हाताने काय केलं, किती दिवस. नोंद अशी दिसली पाहिजे: ‘१९७६ ते ७८, फ्रिगेट, बॉयलर रूम. रिफिटमध्ये जुनं लॅगिंग हाताने काढलं, सुमारे ३ महिने, आठवड्याला ६ दिवस. मास्क नाही. बॉयलर सूट घरी धुवायला.’ ‘अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क होता’ एवढंच लिहिलं तर दिव्यांगता ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे त्याला काही वजन नाही. साल नक्की आठवत नसेल तर ‘मुलीच्या जन्माच्या वर्षी’ असं लिहा आणि पुढे कागदावरून पक्कं करा. अंदाज खरा म्हणून लिहू नका. एक तारीख खोटी निघाली की सगळ्या वहीवर शंका येते.

बॉयलर सूट घरी कोण झटकायचं, कोण धुवायचं, हेही लिहा. बायकोलाही यातून धोका असतो आणि तिच्या डॉक्टरला हे कोणीच सांगत नाही. इतर गोष्टीही प्रामाणिकपणे लिहा: हलचं (जहाजाच्या बाहेरच्या कवचाचं) सँडब्लास्टिंग, जुन्या शिशाच्या रंगाचं चिपिंग, आणि घरावरचे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे पावसाळ्याआधी कोणी ग्राइंडरने कापले असतील तर तेही. सँडब्लास्टिंगची धूळ सिलिकाची असते आणि तिने टीबीचा धोकाही वाढतो.

दुसरं पान कागदांचं. नाविकांच्या सेवेच्या नोंदी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. सर्व्हिस नंबर, रँक, ट्रेड आणि सेवेचा काळ लिहून साधा अर्ज करा. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माझ्यावर अन्याय का झाला’ असा प्रश्न घालू नका, तो लगेच फेटाळला जातो. ‘अमुक साल ते अमुक साल कोणकोणत्या जहाजांवर नेमणूक होती त्या नोंदीची आणि माझ्या सर्व मेडिकल बोर्डांच्या कागदांची साक्षांकित प्रत’ असंच मागा. जहाज भंगारात गेलं म्हणून नोंदी गेल्या असं समजू नका. विक्रांत मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली गेली, पण तिच्यावर कोण होतं हे कागदावर उरतं. बरोबरच्या दोन शिपमेटचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. ते तुमच्याच वयाचे आहेत, हे विसरू नका.

अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याची नोंद काम सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा संपेल तोवर ठेवावी. तुमची फाइल किमान तेवढी टिकवा.

मग तपासण्या. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना ‘खोकला आहे’ एवढं सांगून उठू नका. केसपेपरवर व्यवसायाच्या जागी ‘निवृत्त’ लिहिलं जातं. तिथे ‘नौदल, बॉयलर रूम, १९७४ ते १९८९’ असं लिहून घ्या. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलला किंवा पॅनेलवरच्या हॉस्पिटलला रेफरल मिळाला तर तीच ओळ रेफरलवरही हवी. रेडिओलॉजिस्ट त्या ओळीच्या आधारेच नेमकं काय शोधायचं ते ठरवतो.

एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) करताना पालथं झोपवूनही स्कॅन घ्यायला सांगा. उताणं झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा खालचा भाग नुसत्या वजनाने दबतो आणि सुरुवातीच्या अ‍ॅस्बेस्टोसिससारखाच दिसतो. पालथं झोपल्यावरही डाग राहिला तर तो खरा. पीएफटीमध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेच्या तपासणीत, फक्त फुंकण्याची स्पायरोमेट्री करून सोडलं तर अर्धंच कळतं; डीएलसीओ मागा, ऑक्सिजन रक्तात किती उतरतो हे त्यात दिसतं. सिगारेट ओढणाऱ्याला नुसत्या स्पायरोमेट्रीवर ‘सीओपीडी’ (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) असं लेबल लागतं आणि पुढे कोणी बघत नाही. त्रास नसेल तर एक्स-रे आणि पीएफटी ३ ते ५ वर्षांनी पुरे. दरवर्षी सीटी करून घेण्यात अर्थ नाही. रिपोर्टबरोबर सीडीही घ्या. दहा वर्षांनी तुलना चित्रांची होते, कागदाची नाही.

घरच्या घरी एक मोजमाप ठेवता येतं. रोजचा रेल्वे पूल चढताना किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, ते महिन्यातून एकदा तारखेसह लिहा. पूल तोच हवा आणि वेळही तीच.

मुंबईत सगळ्यात जास्त घोळ होतो तो छातीत पाणी झाल्यावर. पाणी म्हणजे टीबी असं गृहीत धरलं जातं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. पण पाणी काढल्यावर पुन्हा भरलं, दुखणं एकाच बाजूला असेल, वजन उतरत असेल, तर एडीएच्या (पाण्यावरून टीबी ओळखायच्या चाचणीच्या) आकड्यावर थांबू नका. पाण्यात कॅन्सरच्या पेशी न दिसणं म्हणजे मेसोथेलिओमा नाही असं होत नाही. थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. त्या तुकड्याच्या ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड्सची पावती फाइलमध्ये लावा. परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलात तर ब्लॉक आणि स्लाइड्सच पहिल्यांदा मागतात.

दिव्यांगता पेन्शनसाठी मुद्दा एकच असतो: आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत बळावला का. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी आला असं मानायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी प्रशासनाची, हे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केलं. निवृत्तीनंतर खूप उशिरा उमटलेल्या आजारात मात्र अडचण वेगळी असते. आजाराची सुरुवात सेवेतच झाली होती, फक्त तो उशिरा दिसला, हे छातीरोगतज्ज्ञाच्या पत्रात साल-जहाज-काम यांच्यासह हवं. नुसतं ‘अ‍ॅस्बेस्टोसिस आहे’ हे पुरत नाही. अर्ज नाकारला तर लेखी कारण घ्या, अपील करा, आणि तिथेही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज भरायला मदत करतं. एजंटला टक्केवारी देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे अमेरिकेच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याचे संदेश तिथल्या निवृत्तांसाठी आहेत, इथे त्यांचा उपयोग नाही.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर कारणाचा दाखला फॉर्म ४ वर लिहिला जातो. घाईत त्यावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ एवढंच येतं आणि कुटुंबाच्या पेन्शनचा दुवा तिथेच तुटतो. मूळ कारणाच्या ओळीत निदान झालेला आजार लिहायला डॉक्टरांना सांगा, आणि हे फॉर्मवर सही व्हायच्या आधी सांगा.