एसईओची फुकट टूल्स निवडताना आकडा कुठून येतो ते आधी बघा

"बेस्ट ५० फ्री एसईओ टूल्स" टाइपच्या याद्या वाचून टूल निवडायचं बंद करा (एसईओ म्हणजे साइट गुगलच्या शोधात वर यावी म्हणून केलेली कामं). त्यातली बरीचशी फुकट नसतातच, सात दिवसांची ट्रायल असते आणि कार्ड नंबर आधी मागतात, किंवा दिवसाला दोन-तीन सर्च दिले की पुढचं सगळं धूसर करून "अपग्रेड करा" चं बटण दाखवतात. यादी करणाऱ्याने ती टूल्स वापरलेली असतीलच असंही नाही. मी वेबसाइटची कामं करते, बहुतेक छोट्या धंद्यांची, आणि नवीन टूल समोर आलं की मला एकच प्रश्न पडतो, हा आकडा यांनी स्वतः मोजलाय का अंदाजाने काढलाय? निवड त्यावरच होते.

उदाहरण म्हणून कोकणातला कुणीतरी बागायतदार धरू, स्वतःच्या साइटवरून हापूसच्या पेट्या विकतो.

१. आधी गुगलचं स्वतःचं घ्या

सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गुगलवर कुठल्या शोधाला किती वेळा दिसली ते सांगणारं टूल. त्यात साइट जोडताना डोमेन प्रॉपर्टीच करा, त्याला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जमध्ये, मालकीचा पुरावा म्हणून एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक ओळ) टाकावा लागतो. डोमेनचं लॉगिन साइट बनवणाऱ्याकडेच असेल तर ते आजच मागून घ्या, तो माणूस फोन उचलायचा बंद व्हायच्या आधी. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये फक्त १६ महिन्यांचा डेटा राहतो, आंब्यासारख्या सीझनल मालाला हे फार कमी आहे, त्यामुळे सीझन संपला की एक्सपोर्ट करून शीटमध्ये ठेवत जा.

मग बिंग वेबमास्टर टूल्स, मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्चचं तसंच टूल. सर्च कन्सोलवरून थेट इम्पोर्ट होतं, दोन मिनिटांचं काम.

२. साइट तपासणारी टूल्स

तुटलेल्या लिंका आणि रिकामी टायटल्स शोधायला स्क्रीमिंग फ्रॉग, ५०० यूआरएलपर्यंत (पत्त्यांपर्यंत) फुकट, छोट्या साइटला पुरतं. स्कीमासाठी (पानावर काय आहे ते गुगलला समजावं म्हणून कोडमध्ये टाकलेली माहिती) गुगलची रिच रिझल्ट्स टेस्ट. वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्स, पण तिथल्या १०० पैकी मार्कांच्या मागे धावू नका, वरच्या भागात खऱ्या लोकांचा मागच्या २८ दिवसांचा डेटा असतो तो बघा. एलसीपी (पानाचा मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंद, आयएनपी (क्लिकला पान दाद द्यायला घेतं तो वेळ) २०० मिलीसेकंद, सीएलएस (पान उघडताना मजकूर किती हलतो) ०.१, यांच्या आत असलात की पुढच्या कामाला लागा. साइटवर फारच कमी लोक येत असतील तर तो वरचा भाग रिकामा दिसेल, घाबरायचं कारण नाही.

बाकी कुठलंही साइट ऑडिट टूल घेण्याआधी ते शिळं आहे का बघा. मार्च २०२४ मध्ये एफआयडी हे जुनं माप जाऊन त्या जागी आयएनपी आलं, अजूनही एफआयडीला कोअर वेब व्हायटल (गुगलच्या वरच्या तीन मापांपैकी एक) म्हणत असेल तर टूल कुणी अपडेट केलेलं नाही. "मेटा कीवर्ड्स टॅग भरा" (पानाच्या कोडमधली कीवर्ड, म्हणजे शोधाचे शब्द, लिहायची जागा) असं सांगत असेल तर विषयच संपला, तो टॅग रँकिंगसाठी वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. आणि पेजरँक (लिंकांवरून पानाचं वजन ठरवणारा गुगलचा आकडा) दाखवणारी टूल्स अजून आहेत बरं का, गुगलने तो आकडा लोकांना दाखवणं २०१६ मध्ये बंद केलं, मग हे लोक कुठून आणतात ते त्यांनाच ठाऊक.

३. कीवर्डचे आकडे. इथे थांबा

महिन्याला किती लोक काय शोधतात हे गुगल सोडून कुणालाच नीट माहीत नाही. बाकी सगळी टूल्स कुठून कुठून डेटा विकत घेऊन, कीवर्ड प्लॅनरचे (गुगलचं जाहिरातदारांसाठीचं टूल) आकडे फिरवून, त्यावर स्वतःचं गणित चढवून अंदाज देतात, आणि अंदाज द्यायला हरकत नाही पण १,३४० असा ठाम आकडा छापला की माणूस त्याला सत्य मानतो. मग टूल तपासायचं कसं? काटा बरोबर आहे का बघायला आपण त्यावर माहीत असलेलं वजन ठेवतो, तसंच. आणि माहीत असलेलं वजन तुमच्या सर्च कन्सोलमध्ये पडलेलं आहे.

परफॉर्मन्स उघडा. सर्च टाइप वेब, देश भारत, तारीख मागचे बारा महिने. आता अशा क्वेरी (लोकांनी गुगलवर टाकलेले शोध) निवडा जिथे तुमची अव्हरेज पोझिशन (निकालांतला सरासरी क्रमांक) तीनच्या आत आहे, दहा-बारा पुरे. साइट कायम पहिल्या पानावर असेल तर कुणीही ती क्वेरी शोधली की तुमचं एक इम्प्रेशन (निकालांत एकदा दिसणं) पडतं, खाली स्क्रोल केलं नाही तरी. म्हणजे तुमची इम्प्रेशन्स साधारण खऱ्या सर्चच्या जवळ जातात. दुसऱ्या पानावरची क्वेरी अजिबात घेऊ नका, तिथे कोणी आलं तरच मोजलं जातं.

पण नुसत्या अव्हरेजवर विश्वास ठेवू नका. तीन म्हणजे रोज तीन असं नसतं, रत्नागिरीत पहिला आणि पुण्यात सहावा मिळूनही तीनच्या आसपासच येतं, किंवा एप्रिलभर वर आणि जूनपासून गायब. म्हणून प्रत्येक क्वेरीवर क्लिक करून रोजचा ग्राफ बघायचा, पोझिशनची रेघ उड्या मारत असेल तर ती क्वेरी सोडून द्यायची. कंटाळवाणं आहे, मान्य. हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया.

आता जिथे मी स्वतः बरेच दिवस अडकले होते ते. वजनं निवडली, कीवर्ड प्लॅनर उघडला, आणि काहीच जुळेना. कारणं दोन निघाली. एक, प्लॅनर जवळजवळ सारखे शब्द एकत्र करून एकच आकडा देतो आणि सर्च कन्सोल प्रत्येक स्पेलिंग वेगळं धरतं. आपल्याकडे लोक हापूस लिहितात, हापुस लिहितात, आणि रोमन अक्षरांत तर कसंही लिहितात. तेव्हा क्वेरी फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स (एकावेळी अनेक स्पेलिंग शोधायची सोय) निवडा, "हापूस|हापुस" असं उभी रेघ देऊन टाका आणि त्यातल्या तुमच्या कीवर्डच्या सगळ्या स्पेलिंगांची बेरीज करा. रोमनवाली वेगळी काढा, देवनागरीत मिसळू नका, टूलमध्येही दोन्ही वेगवेगळी तपासा. दोन, प्लॅनरचा महिन्याचा आकडा ही सरासरी असते, एरवी बारा महिन्यांची. हापूसचा सगळा जोर मार्च ते मे, आणि सरासरीत तो नोव्हेंबरातल्या शांततेशी मिसळून सपाट होतो. म्हणून नुसत्या एप्रिलशी तुलना करायची नाही, पूर्ण वर्षाची इम्प्रेशन्स बाराने भागून मग शेजारी ठेवायची.

जाहिरातीवर खर्च करत नसाल तर प्लॅनर १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे ढोबळ पट्टेच देतो. देऊ द्या. प्रामाणिक पट्टा खोट्या ठाम आकड्यापेक्षा केव्हाही परवडतो. आणि त्यातला कॉम्पिटिशनचा कॉलम जाहिरातदारांमधल्या चुरशीचा आहे, त्यावरून "या शब्दावर रँक करणं सोपं" असं शिकवणारे व्हिडिओ बघितले की माझं डोकं फिरतं.

आता जे टूल तपासायचंय त्यात तेच दहा-बारा शब्द टाका. आकडा तंतोतंत जुळायची अपेक्षा नको, क्रम जुळतो का बघा. तुमच्याकडे सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द तिथेही वर आहे का? सगळे आकडे साधारण एकाच पटीत चुकत असतील तर टूल तुलना करायला चालेल. पण कन्सोलमध्ये हजारांत इम्प्रेशन्स असलेल्या देवनागरी शब्दाला टूल शून्य दाखवत असेल तर त्याला मराठी येत नाही, इंग्रजीत ते कितीही भारी असो. हे शून्य फार घातक. ते बघून लोक "हापूस पेटी भाव" सारखे गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द सोडून देतात आणि इंग्रजीतल्या गर्दीत जाऊन उभे राहतात.

शेवटी एक निरर्थक शब्द टाका, "झुंबटीचा हापूस गरगोटा" वगैरे काहीही. त्यालाही महिन्याला इतके सर्च, डिफिकल्टी (वर येणं किती अवघड) ३८ असं उत्तर आलं तर टॅब बंद करा.

एवढं करायचं नसेल तर सरळ गुगल ट्रेंड्स वापरा. तिथले आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात, पण तुमच्या ओळखीचा शब्द आणि नवीन शब्द शेजारी टाकले, प्रदेश महाराष्ट्र ठेवला, की नवीन शब्द त्याच्या दुप्पट का पाव ते दिसतं. दोन्हीकडे "सर्च टर्म" निवडा, "टॉपिक" नको. फार कमी शोधले जाणारे शब्द इथेही शून्यच दाखवतात, त्यांना इलाज नाही.

४. बॅकलिंक

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक. स्वतःच्या साइटसाठी अहरेफ्स वेबमास्टर टूल्स फुकट आहे, दुसऱ्यांच्या साइटच्या लिंका बिंग वेबमास्टर टूल्समध्ये दिसतात. तुम्हाला पक्की माहीत असलेली एखादी जुनी लिंक टूलला सापडते का, एवढंच तपासा. डोमेन ऑथॉरिटी (साइटच्या ताकदीचे मार्क) हा मॉझ कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, गुगल तो वापरत नाही. "टॉक्सिक लिंक्स" ची लाल यादी बघून डिसअव्हाउ (या लिंका धरू नका असं गुगलला कळवणं) करत सुटू नका, बहुतेक साइटना त्याची गरज नाही असं गुगल स्वतः सांगतं.

५. परवानग्या

"सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी मागणारी क्रोम एक्स्टेन्शन्स बँकेचं लॉगिन ज्या प्रोफाइलमध्ये आहे तिथे टाकायची नाहीत, वेगळी प्रोफाइल करा. "मोफत ऑडिट" करून देतो म्हणणाऱ्याला सर्च कन्सोलमध्ये रिस्ट्रिक्टेड युजर (फक्त डेटा बघू शकणारा) म्हणून घ्या, ओनर कधीच नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी. रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचं नाव काढा, आणि तिथे गेलाच आहात तर आधीच्या किती जणांची नावं अजून तशीच आहेत तेही बघून घ्या.