अपोक्रिफा वाचताना या चुका टाळा

अपोक्रिफा म्हणजे बायबलच्या मान्य यादीबाहेर राहिलेले जुने ग्रंथ. त्यातले येशूचा शिष्य थोमा याच्या नावावरचे तीन ग्रंथ नेहमी गोंधळात टाकतात आणि एकातलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपतं. थोमाचं शुभवर्तमान म्हणजे येशूची ११४ वचनं. त्यात ना क्रूसावरच्या मृत्यूची कथा, ना पुनरुत्थानाची. चिखलाच्या चिमण्या उडवणारा बाळ येशू तिथे सापडणार नाही. तो थोमाच्या नावे असलेल्या बालपणाच्या शुभवर्तमानात आहे. तिसरा ग्रंथ ‘थोमाची कृत्ये’. अवतरण सापडत नसेल तर आधी ग्रंथ तपासा, मग वचनाचा क्रमांक.

भारतीय वाचक घसरतो तो या तिसऱ्यावर. त्यात भारतातला गुंदफर राजा महाल बांधायला पैसे देतो, थोमा ते गरिबांत वाटून टाकतो आणि महाल स्वर्गात उभा आहे म्हणतो. या राजाची नाणी खरोखर मिळाली आहेत, म्हणून सगळी कथाच इतिहास धरली जाते. नाण्यांनी राजा सिद्ध होतो, महाल नाही! शिवाय ग्रंथ बहुधा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, सिरियाक या अरामी कुळातल्या भाषेतला. तरीही आज हाती असलेल्या सिरियाक प्रतींत नंतर चर्चच्या अधिकृत मताला जुळतील असे बदल झालेले दिसतात. ग्रीक भाषांतरात काही ठिकाणी जुना पाठ टिकलाय. त्यामुळे एकाच भाषेतल्या पाठावर निष्कर्ष काढू नका.

प्रतीचं वय हे ग्रंथाचं वय नव्हे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मिळालेली थोमाच्या शुभवर्तमानाची कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची भाषा) प्रत चौथ्या शतकातली, पण इजिप्तमध्येच ऑक्सिरिंकसला मिळालेले याच ग्रंथाचे ग्रीक तुकडे तिच्याहून जुने आहेत.

३२५ साली नायसियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान करून ही पुस्तकं बाद केली, हे तर सोडूनच द्या. तिथला मुख्य वाद पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, देवत्वाचा होता. आजच्या नव्या करारातल्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने पत्रात दिली.

आणि यादीबाहेरचं ते सगळं ‘ग्नॉस्टिक’ (गुप्त ज्ञानातून मुक्ती मानणाऱ्या पंथांचं) किंवा दडपलेलं, असंही नाही. याकोबाच्या नावावरचं दुसऱ्या शतकातलं शुभवर्तमान घ्या. मरियेचे आईवडील, आन्ना आणि योआकिम, नव्या करारात कुठेच नाहीत. ते या ग्रंथातून आले. तरी गोव्यात तळावलीला सांत आनाचं, म्हणजे याच आन्नाचं, भलंमोठं चर्च आहे आणि जुलैत तिथे तवशांचं (काकड्यांचं) फेस्त, म्हणजे सण, भरतं.