लग्नपत्रिकेच्या पाठीवरची दिवाळी

लेकीच्या बिल्डिंगखालच्या दुकानात शुभेच्छापत्र हातात घेतलं, मागे किंमत 60 रुपये. गपचूप जागेवर ठेवलं. जावयांची नोकरी जुलैत गेली आहे, यंदा तिच्याकडे चकल्याही मोजून होणार. म्हटलं, चला, लालबागच्या चाळीत शिकलेली घरच्या घरी कार्डं करायची विद्या बाहेर काढू.

1982 साली 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले आणि दिवाळी तोंडावर आली तरी संप चालूच. चाळीत फराळाची ताटं फिरवायची कशी, या विचारात आई चार दिवस होती. शेवटी ताटलीत मूठभर चिवडा आणि वर हाताने केलेलं कार्ड.

कागद विकत आणायचा नाही. लग्नपत्रिका काढा. उन्हाळ्यातल्या लग्नांच्या दहाबारा तरी कपाटावर पडलेल्या असतात. जाड असतात आणि एक बाजू बहुधा कोरी. घडीवर कापलीत की एका पत्रिकेची दोन कार्डं. वरचा गणपती टाकू नका, कापून दुसऱ्या कार्डावर लावा. पाकिटाला बँकेच्या मोठ्या कॅलेंडरची गेलेली पानं. कालनिर्णय या कामाचं नाही, त्याच्या पाठीमागेही मजकूर!

चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, काचेसारखी झाली की उतरवा. बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, पण ते विषारी, घरात पोरं असताना नको. दोन दिवसांपुरतीच करा.

आता ठसे. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापा, आयतं फूल मिळतं. कोवळी भेंडी घेऊ नका, दाबली की चपटी होते. जून, भाजीला नको असलेलीच बरी. बटाटा अर्धा चिरून पणती कोरा आणि कापलेली बाजू फडक्याने कोरडी करा, नाहीतर रंग पसरतो. ज्योत करंगळीच्या टोकाने. रंग वाटीत बुडवून ठसा उठवायचा नाही. ताटलीत जुन्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवायची, तीवर रंग ओतायचा आणि ठसा त्यावर टेकवायचा.

रंग म्हणजे कुंड्यांना लावतात तो गेरू. त्यात चमचाभर खळ घालाच. आम्ही संपाच्या वर्षी नुसत्या पाण्यात कालवला होता. कार्डं कोकणात पोचेपर्यंत सगळा गेरू पाकिटात सांडला. आजीला लिहिता येत नव्हतं, तिने शेजारच्या मुलाकडून उत्तर लिहून घेतलं: “कार्ड पावलं, पणती वाटेत विझली.” बाबा त्या वर्षात तेव्हाच पहिल्यांदा मोठ्याने हसले.

पिवळ्याला हळद. तिच्यात पानाचा चुना नखभर कालवला की कुंकवासारखा लाल होतो, पोरांना ही गंमत जरूर दाखवा. हळद उजेडात उडते, तेव्हा ती कार्डाच्या आतच वापरा. वाळवताना पंख्याखाली नको, कडा वळतात. वरची ओल गेली की वर्तमानपत्रात घालून रात्रभर गादीखाली.

मजकुराचं मात्र माझं ठाम मत आहे. दोन्ही घरी ओढाताण असताना “भरभराटीची जावो” लिहू नये. माणूस आठवायचा आणि त्याच्यापुरती एक ओळ लिहायची. आईने समोरच्या काकींना लिहिलं होतं, “तुम्ही दिलेल्या तांदळाची पेज अजून तोंडात आहे.” रडगाणं नाही, खोटा झगमगाटही नाही. लेकीने मामाला लिहिलंय, “यंदा फटाके नाहीत, पण तुम्ही या, पत्ते आहेत.”

ती म्हणते, व्हॉट्सॲपवर फुकट जातं की. जाऊ दे. पण माझ्या गावच्या जाऊबाईंकडे बटणाचा फोन आहे.

टपालाचं गणित आधी करा. पाकीट 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांत जातं, म्हणून आरसे, टिकल्या, डाळी चिकटवू नका, पत्रिकाही एकपदरीच ठेवा. त्याहून स्वस्त हवं तर पोस्टकार्ड, अजून 50 पैशांना आहे. पत्त्याची बाजू सोडा, मजकुराच्या कोपऱ्यात एकच भेंडीचं फूल. वसुबारसेच्या आठ दिवस आधी पेटीत पडलं पाहिजे.

लेकीची पाच पाकिटं आणि सात पोस्टकार्डं झाली. पोस्टात साडेअठ्ठावीस रुपये दिले. उरलेल्या कोवळ्या भेंडीची संध्याकाळी भाजी.