घरी बांधलेल्या विमानात इंजिनचा आणि उड्डाणाचा डेटा कसा रेकॉर्ड करायचा

संभाजीनगरजवळ वाळूजला एका शेडमध्ये आम्ही तिघं मिळून दोन सीटचं विमान बांधतोय, वायरिंग आणि डेटा लॉगर, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवणारा डबा, माझ्याकडं आहे. अजून उडालेलं नाही, डीजीसीएच्या, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याच्या, परवानगीचं काम चालू आहे, पण इंजिन जमिनीवर बऱ्याचदा चालवून झालंय आणि त्यात जे कळलं ते सांगतो. पहिली गोष्ट, लॉगर पहिल्या उड्डाणासाठी राखून ठेवू नका, पहिल्या ग्राउंड रनच्या आधीच बसवा. सिलेंडर हेडचं टेम्परेचर १७० दिसलं तर ते बरोबर का जास्त हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, मागच्या दहा रनला तेवढ्याच आरपीएमवर आणि तेवढ्याच उन्हात किती होतं हे समोर असलं की लगेच कळतं.

डायनॉन किंवा गार्मिनचा ईएफआयएस, म्हणजे काट्यांऐवजी सगळं दाखवणारा स्क्रीन, घेणार असाल तर लॉगिंग त्यातच असतं, फाईल काढून घेतली की झालं. आमचं बजेट तेवढं नव्हतं म्हणून ईएसपी३२ नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड, एसडी कार्ड, जीपीएस आणि सेन्सर जोडून बनवलं. पण पायलटचे काटे वेगळेच ठेवा, लॉगर बंद पडला तरी त्यांना काही होता कामा नये. ऑइल प्रेशरच्या काट्याच्या सेंडरमधूनच (इंजिनवरच्या सेन्सरमधूनच) लॉगरला वायर मारायचा मोह होतो, ते करू नका, त्यानं काट्याचंच रीडिंग बदलू शकतं, लॉगरला स्वतःचा सेन्सर द्या.

आता थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या वायरींचा टेम्परेचर सेन्सर, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. एअर-कूल्ड इंजिनला हेडचं टेम्परेचर घ्यायला स्पार्क प्लगच्या खाली के-टाइप थर्मोकपलची रिंग बसते आणि एक्झॉस्टला वेगळा प्रोब लागतो. वाचायला मॅक्स ३१८५५ चिप घेतली तर प्रोब अनग्राउंडेड घ्या, म्हणजे ज्याचं टोक बाहेरच्या धातूला आतून जोडलेलं नसतं असा, नाहीतर इंजिनला लावल्यावर चिप शॉर्टचा एरर देत बसते.

आमची चूक अशी झाली की रिंगची वायर कमी पडली म्हणून मी साधी तांब्याची वायर जोडून कॉकपिटमधल्या लॉगरच्या डब्यापर्यंत आणली. टेबलावर उकळत्या पाण्यात रिंग बुडवून बघितली, ९८ आलं, आणि आपल्याकडच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, म्हणून मी खूश. इंजिनवर मात्र आकडा दीडशेच्या वर जाईनाच. शेजारच्या वर्कशॉपमधले काका म्हणाले, "अरे हात लावून बघ की कव्हरला, हे दीडशेचं इंजिन न्हाई, कमी दाखवायलंय." मग रिंग टेबलावर गार ठेवून नुसत्या जॉइंटवर हेअर ड्रायर धरला तर आकडा ३० वरून खाली खाली येत थेट शून्याच्या जवळ गेला! थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक मोजतं आणि चिप त्यात स्वतःच्या जागेचं टेम्परेचर मिळवते. जॉइंट इंजिनजवळ ७० अंशावर आणि डबा ४० वर असेल तर ३० अंश कमी दिसतात, म्हणजे खरे १८० असताना १५०. टेबलावर जॉइंट आणि डबा दोन्ही सारखेच गार होते म्हणून टेस्ट पास झाली. तेव्हा वायर वाढवायची तर के-टाइपचीच, कनेक्टरसुद्धा के-टाइपचाच, आणि ड्रायरची टेस्ट प्रत्येकानं करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आरपीएमला आम्ही प्रोपेलरच्या फ्लँजजवळ हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेलं की ओळखणारा सेन्सर, लावला. मॅग्नेटोच्या (स्पार्कला वीज देणाऱ्या यंत्राच्या) पी-लीडवरून, म्हणजे तो बंद करायच्या वायरवरून, घेता येतं पण ती वायर चुकून ग्राउंड झाली तर तो मॅग्नेटोच बंद पडतो, म्हणून मी तिला हात लावला नाही.

स्पीडसाठी पिटो ट्यूब, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी, आणि डिफरन्शियल प्रेशर सेन्सर, एमपीएक्सव्ही ७००२ पुरतो, २ किलोपास्कल म्हणजे साधारण ताशी २०५ किलोमीटरपर्यंत. तपासायला गवंड्याची लेव्हलची पाईप घ्या, यू आकारात धरा, पाणी भरा, एक टोक टी लावून पिटोच्या लाइनला जोडा आणि सिरिंजनं हळूच दाब द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ४८ मिलिमीटर फरक म्हणजे ताशी १००, आणि २० मिलिमीटर म्हणजे साधारण ६५. सिरिंज तशीच धरून एक मिनिट थांबा, पाणी खाली आलं तर कुठंतरी लीक आहे.

उंचीचा सेन्सर कॉकपिटमध्ये उघडा ठेवू नका, आतला दाब बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो, बंद डबीत टाकून स्टॅटिक लाइनला, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या नळीला, जोडा. बाहेरच्या हवेचं टेम्परेचर तर घ्याच घ्या, सेन्सर सावलीत आणि एक्झॉस्टपासून लांब. संभाजीनगर साधारण ५७० मीटरवर, मे महिन्यात ४२ अंश असलं की हवा एवढी विरळ होते की विमान १७०० मीटरवर असल्यासारखं वागतं, टेकऑफला रनवे जास्त लागतो आणि इंजिनची ताकदही कमी पडते. टेम्परेचरच नोंदवलं नाही तर डिसेंबरचा रन आणि मेचा रन शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.

टेम्परेचर सेकंदाला एकदा पुरे, स्पीड पाच-दहा वेळा. व्हायब्रेशन या फाईलमध्ये घालू नका, २७०० आरपीएमला दोन पात्यांचा प्रोप सेकंदाला ९० झटके देतो, ते पकडायला सेकंदाला किमान १८० च्या वर, खरं तर कितीतरी जास्त रीडिंग लागतात, त्याला वेगळा सेटअप करा.

पॉवरला स्वतःचा फ्यूज द्या. स्टार्टर मारला की व्होल्टेज एकदम पडतं आणि बोर्ड रीसेट होतो, म्हणून प्रत्येक वेळी चालू झाल्यावर नवीन सीएसव्ही फाईल उघडायची आणि दर सेकंदाला कार्डवर फ्लश करायचं, म्हणजे आकडे लगेच लिहून टाकायचे, नाहीतर मास्टर स्विच बंद केल्यावर शेवटची, म्हणजे नेमकी कामाची मिनिटं जातात. जागेची काळजी करू नका, १२० अक्षरांची ओळ सेकंदाला एक धरली तरी तासाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही. वेळ जीपीएसचीच टाका, ती यूटीसी असते, आपली वेळ साडेपाच तास पुढं.

शेवटी रेडिओचं पीटीटी (बोलायचं बटण) दाबून धरा आणि लॉगरचे आकडे बघा. आमच्याकडं दुसऱ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट दर वेळी ४० नं उडी मारायचा, वायरींना पीळ देऊन अँटेनाच्या केबलपासून लांब नेल्यावर थांबला. दोन्ही मॅग्नेटो, फुल थ्रॉटल, आयडल असं सगळं एकेकदा करून ती फाईल "बेसलाइन" नावानं दोन ठिकाणी सेव्ह करा, तारीख आणि त्या दिवशी कुठलं पेट्रोल भरलं होतं तेही नावातच लिहा.